दाराकडचं पारडं

त्या रविवारी सकाळी सात वाजता तळमजल्यावरच्या शिंपीमामांनी मला जिन्याच्या तोंडाशी गाठलं, माझा दुधाच्या पिशवीचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि गहिवरून म्हणाले, "साहेब, तुमच्यासारखी विचारी माणसं आमच्या बाजूला आहेत, म्हणून तर यंदाही सरकार आमचंच येणार."

मी हात सोडवून दुसऱ्या मजल्यावर पोचतो न पोचतो, तो विमावाले टॉवेल खांद्यावर टाकून उभेच. "साहेब," ते हळूच म्हणाले, "तुमच्यासारखी विचारी माणसं आमच्याकडे आली, तेव्हाच मी ओळखलं. या वेळी सरकार पडतंय."

एका जिन्यात, तीन मिनिटांत, एकाच माणसाला दोन पक्षांनी आपलं म्हणून टाकलं होतं. दूध नासलं नाही हेच नशीब. मी घरात आलो, पिशवी ओट्यावर आपटली आणि हिला म्हणालो, "मी कोणाचाही माणूस नाही!"

"हो का?" ही म्हणाली. "मग दोघांचंही ऐकताना मान कशाला हलवता?"

"मान मी ऐकतोय म्हणून हलवतो. पटलं म्हणून नाही."

"ते त्यांना कसं कळणार? तुमची मान एकाच तऱ्हेनं हलते."

आता इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. दुकानात शिरायचं, तराजू तपासायचा, खोटा निघाला तर जप्त करायचा. या एकतीस वर्षांत मी कुठल्याही दुकानात घोटभर चहा घेतला नाही. त्यामुळे माझं पित्त वाढलं असं डॉक्टर म्हणतात, पण ते सोडा. सांगायचं एवढंच, की निःपक्षपातीपणा माझ्या हाडात मुरलेला आहे.

आणि मला मतं नाहीत असं कोणी समजू नये. राष्ट्रीय प्रश्नांवर माझी मतं आहेत, ठाम आहेत, फक्त ती एका बाजूची नाहीत. आता कराचंच घ्या. सत्तेतले म्हणतात, मोठ्या लोकांचा कर कमी केला की ते कारखाने काढतील आणि बाकीच्यांना नोकऱ्या मिळतील. पटतं. सत्तेबाहेरचे म्हणतात, मोठ्या लोकांचा कर कमी केला की मोठे लोक आणखी मोठे होतील. हेही पटतं. महागाईबद्दल दोघंही म्हणतात की ती दुसऱ्यामुळे आहे, आणि याबाबत मला दोघांचंही शंभर टक्के पटतं. राहिली लढाई. सीमेवर सात महिने लढाई चालू होती. एक पक्ष म्हणत होता, आता थांबलो तर गेलेली माणसं फुकट गेली. दुसरा म्हणत होता, थांबलो नाही तर आणखी जातील. दोन्ही खरं होतं आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

निवडणुकीला पाच आठवडे होते. चहा पिता पिता माझी नजर कपाटावरच्या पितळी तराजूवर गेली. मधे खांब, वर आडवी दांडी, साखळ्यांना टांगलेली दोन पारडी आणि मधोमध काटा. तीन वर्षांपूर्वी निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी मला दिलेली भेट. बस्स! मी कप खाली ठेवला आणि माझ्या मनात जे आलं, ते तिथेच सोडून दिलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ माझ्यावर आली नसती.

मी ठरवलं की यंदाचं मत तोलून द्यायचं. मान हलवून नाही, अंदाजपंचे नाही, तर काट्यावर. जो कोणी माझ्याकडे मुद्दा घेऊन येईल, त्याचा मुद्दा खरा वाटला तर त्या पक्षाच्या पारड्यात एक वजन टाकायचं. पाच आठवड्यांनी जे पारडं खाली जाईल, त्याला मत.

"मोजून बघा की," ही म्हणाली. "यांचे इतके मुद्दे, त्यांचे इतके."

"मोजणं हे कारकुनाचं काम आहे," मी म्हणालो. "सगळे मुद्दे सारख्या वजनाचे नसतात."

वजनं म्हणून मी लोखंडी नट आणायला गेलो. लढाईच्या मुद्द्याला मोठा नट, कर, महागाई आणि नोकऱ्यांना मधला, बाकी फुटकळ मुद्द्यांना छोटा. मुद्दा अर्धवट पटला तर वायसर. दुकानदार म्हणाला, "दोनशे नट? कशाला लावायचेत?" मी म्हणालो, "देशाला." त्याने वीस वायसर फुकट दिले. ते मी परत केले, सवयच आहे.

पहिल्या दिवशी तराजू पुढच्या खोलीत मांडला. कोणत्या पारड्यात कोणता पक्ष, हे ठरवायला हिच्याकडून चिठ्ठी उचलून घेतली. दाराकडचं पारडं सत्तेतल्यांना गेलं, खिडकीकडचं सत्तेबाहेरच्यांना. तराजू रिकामा असताना काटा कसा टाचणीसारखा सरळ उभा आहे, ते शिंपीमामांना आणि विमावाल्यांना दाखवलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि काम सुरू केलं.

शिंपीमामा रोज दुकान उघडण्याआधी येत. गळ्यात टेप तसाच. त्यांचा युक्तिवाद कापडाचा असे. "साहेब, सरकारनं माप बरोबर घेतलंय. मागच्या सरकारनं कापडच कमी ठेवलं, त्यात शिंप्याचा काय दोष? आता शिवण अर्धी झाली असताना शिंपी बदलायचा? बाही कोण जोडणार?" बाहीचा मुद्दा मला लागू पडला. मी मधला नट टाकला.

संध्याकाळी विमावाले येत, फाईल घेऊन. "लढाईचा हप्ता कोण भरतंय ते सांगा. आपण भरतोय. पॉलिसी कोणाच्या नावावर आहे? त्यांच्या. आणि मुदत कधी संपणार, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही." हाही मुद्दा असा चोख होता की मी मोठा नट टाकला. तेव्हा ते म्हणाले, "आणि पुढच्या वर्षीचा तोटा?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षीचा नट पुढच्या वर्षी."

आठवडाभरात बातमी इमारतभर झाली आणि माझं घर मुद्देवाल्यांनी भरलं. कोणी येई आणि मुद्दा सांगण्याआधी सल्ला देई. एक म्हणे, तराजूवर काचेचं झाकण घाला, वारा लागतो. दुसरा म्हणे, नटांना तेल लावू नका, वजन वाढतं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी मागची चार सरकारंही तोलायला सुचवलं, कारण त्यांच्या मते मुळात खरी चूक तिथे होती. एक बाई आपला मुद्दा ऐकल्यावर मी वायसर टाकला म्हणून रुसून गेल्या. त्या अजून बोलत नाहीत. शिंपीमामांनी उदारपणे नटांऐवजी आपल्याकडची बटणं देऊ केली, तेव्हा विमावाल्यांनी तो लाच देण्याचा प्रकार असल्याचा लेखी आक्षेप नोंदवला. मग नोंदवही घालणं आलं. तारीख, नाव, मुद्दा, नटाचा आकार, सही. पाच आठवड्यांत तीन वह्या भरल्या.

हिने मात्र एकही मुद्दा दिला नाही. "तुझं मत काय?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "माझं मत असं आहे की एवढ्या माणसांना चहा तुम्ही करून द्यावा." मी तराजू उचलून बाहेर दारासमोरच्या सपाट जागेत, जिन्याच्या पाटावर नेला. आमचं दार एका बाजूला, जिन्याची खिडकी दुसऱ्या बाजूला, त्यामुळे पारड्यांची नावं बदलावी लागली नाहीत. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या चिटणीसांची नोटीस आली, की जिन्यात अडथळा होईल असं सामान ठेवता येणार नाही. मी उत्तर दिलं की हे सामान नसून लोकशाही आहे. त्यांनी कळवलं की लोकशाहीला भिंतीपासून दीड फूट आत ठेवावं.

याच पाटावरून रोज तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई जात-येत. त्या एकट्याच राहतात. कामावरून येताना पाय दमलेले असत, तरी तराजूपाशी क्षणभर थांबत. त्यांनी कधी मुद्दा सांगितला नाही. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी आजूबाजूला कोणी नव्हतं तेव्हा त्या थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, माझा मुलगा तिकडे आहे, माहितीये ना?"

माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणूनच त्या आल्या की शिंपीमामा आणि विमावाले दोघंही आवाज खाली आणायचे.

"हे म्हणतात चालू द्या, ते म्हणतात थांबवा," त्या म्हणाल्या. "थांबवा म्हणावं तर वाटतं, आठ महिने तो तिथे उगीच बसला का? चालू द्या म्हणावं तर घास गिळत नाही. माझं डोकं चालेनासं झालंय हो. म्हणून मी ठरवलंय, तुमचा काटा जे सांगेल त्याला मी मत देणार. एकतीस वर्षं कोणाकडे चहा न प्यालेला माणूस खोटं तोलणार नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण खरं सांगतो, माझी छाती अशी फुगली की शब्द बाहेर यायला जागाच राहिली नाही. मी मान हलवली.

मतदान रविवारी होतं. गुरुवारी संध्याकाळी शेवटचं तोलणं झालं. पाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेवटचा नट टाकला, हात मागे घेतला. दांडी डुलली, डुलली आणि दाराकडचं पारडं दोन बोटं खाली जाऊन थांबलं. शिंपीमामांनी टाळ्या पिटल्या, टेप हवेत उडवला. विमावाल्यांचा चेहरा पाहवेना. माणसं माझं अभिनंदन करत होती, जणू देश मीच चालवणार होतो.

नर्सबाई जिन्यात मागे उभ्या होत्या. "म्हणजे चालू द्या," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि कठड्याला धरून एकेक पायरी वर गेल्या. त्या रोज कठडा धरत नाहीत. मला ते आवडलं नाही, पण काटा म्हणजे काटा.

शुक्रवारी खात्याचं पत्र आलं. माझ्याच खात्याचं! 'आपण सार्वजनिक जागी विनाशिक्क्याचा तराजू वापरत असल्याची तक्रार आली आहे. सदर तराजू मालासह शनिवारी तपासणीस हजर करावा.' तक्रारदाराचं नाव दिलेलं नव्हतं, पण मी पत्र वाचून दाखवत असताना विमावाले छताकडे बघत होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने अख्ख्या शहराचे तराजू तपासले, त्याचा तराजू तपासणार? पण नियम म्हणजे नियम, आणि त्या पत्राचा मसुदा कोण्या एके काळी मीच केला होता. शनिवारी मी तराजू मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. बरोबर साक्षीदार म्हणून शिंपीमामा आणि विमावाले. नट दोन पिशव्यांत होते. वाटेत कोणी आपल्या पिशवीत भर घालू नये म्हणून दोघांनी एकमेकांची पिशवी धरली होती. कंडक्टरने तराजूचं वेगळं तिकीट मागितलं, ते मी दिलं.

खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म पुढे केला. मालाचा प्रकार: घन, द्रव की वायू?

"मतं," मी म्हणालो.

"त्याला रकाना नाही. आत्ता काय आहेत? हातात धरता येतात का?"

"नटाच्या रूपात येतात."

"मग घन. किरकोळ माल." त्याने लिहिलं. "आयात की स्थानिक?"

विमावाले म्हणाले, "यांचे काही मुद्दे बाहेरूनच आणलेले आहेत." मग शिंपीमामा भडकले, आणि त्यांना आवरेपर्यंत माझा नंबर गेला. पुन्हा रांग. ज्या खोलीत मी एकतीस वर्षं लोकांना रांगेत उभं केलं, त्याच खोलीत दीड तास उभा राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की तिथे पंखा फक्त आतल्या बाजूला आहे.

शेवटी आत बोलावलं. खुर्चीत माझा जुना सहायक. मला बघून तो ताडकन उभा राहिला. "साहेब, तुम्ही? बसा, बसा. चहा मागवतो."

"चहा नको. शिक्का मार."

"मारतो की. एक औपचारिकता फक्त." त्याने तराजू टेबलावर ठेवला. रिकामा काटा सरळ. दोन्ही पिशव्यांतले नट आपापल्या पारड्यात. दाराकडचं पारडं दोन बोटं खाली. शिंपीमामांनी खाकरून सगळ्यांकडे पाहिलं. मग माझ्या सहायकाने अगदी सहज, बोलता बोलता, दोन्हीकडचे नट काढले आणि अदलाबदल करून पुन्हा ठेवले. सत्तेतल्यांचे खिडकीकडे, सत्तेबाहेरच्यांचे दाराकडे.

दाराकडचं पारडं पुन्हा दोन बोटं खाली गेलं.

दोघंही साक्षीदार खुर्च्या पुढे ओढून काट्यावर वाकले.

"म्हणजे आम्ही हरलो?" शिंपीमामांनी विचारलं.

"म्हणजे आम्ही जिंकलो!" विमावाले उठलेच.

"तसं नाही," माझा सहायक म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "माल जवळपास सारखाच आहे. दांडी एका अंगाला केसभर लांब आहे. दाराकडे जो बसेल, तो जड." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, पहिल्या दिवशी तुम्हीच आम्हाला सांगितलं होतंत. रिकामा तराजू कोणाचाही सरळ दिसतो. माल अदलाबदल करून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही."

सांगितलं होतं. प्रत्येक नव्या माणसाला सांगितलं होतं. एकतीस वर्षं हजारो तराजूंवर अदलाबदल केली, आणि घरच्या तराजूवर एकदाही केली नाही, कारण तो आमच्या खात्याने दिला होता!

पण माझी शोभा अजून पुरी झाली नव्हती. कचेरीतले म्हातारे शिपाई चष्मा लावून पुढे आले, दांडीच्या खालचा खोदलेला आकडा वाचला आणि एक जाड रजिस्टर घेऊन आले. निवृत्तीच्या वेळी साहेबांना आपल्याच कामाची आठवण म्हणून जप्तीच्या लिलावातला एक तराजू घासूनपुसून द्यावा, अशी प्रेमळ कल्पना त्यांचीच होती. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं: पितळी तराजू, एका किराणा दुकानातून जप्त. दोष, दांडी असमान, उघड फसवणूक. निरीक्षकाची सही. सही माझी होती. काय रुबाबदार सही करायचो मी तेव्हा!

बसमध्ये परत येताना तराजू पुन्हा माझ्या मांडीवर होता. शिंपीमामा आणि विमावाले शेजारी शेजारी बसले होते. थोड्या वेळाने शिंपीमामा म्हणाले, "साहेबांना तोंड दाखवायला जागा नाही राहिली हो." विमावाले म्हणाले, "आपण कोणाला सांगू नये." पाच आठवड्यांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही माझी दया येऊन.

घरी येऊन मी खुर्चीत बसलो. "तराजू खोटा आहे," मी हिला म्हणालो.

"हो, दाराकडे जड दाखवतो," ही भाजी निवडत म्हणाली.

मी उभाच राहिलो. "तुला माहीत होतं?"

"तीन वर्षं झाली. तुम्ही फिरायला गेलात की मी रद्दी त्याच्यावरच तोलून देते. रद्दी दाराकडे ठेवायची."

"अगं, मी वजनमापे निरीक्षक! माझ्या घरात! आणि मला पाच आठवडे का नाही सांगितलंस?"

"मोजून बघा म्हटलं तर मला कारकून म्हणालात," ही म्हणाली. "मला वाटलं, कळेल तुमचं तुम्हाला."

एरवी मी दोन दिवस रुसलो असतो. पण रुसायला वेळ नव्हता. वर तिसऱ्या मजल्यावर एक बाई उद्या सकाळी माझ्या शब्दावर मत देणार होती. जिच्या मुलाचा जीव त्या एका प्रश्नात अडकला होता, तिला मी जप्तीतल्या तराजूवर तोलून उत्तर दिलं होतं. मी चपला घातल्या. एकच मजला चढायचा होता, पण मला तो जिना आयुष्यात एवढा उंच कधी वाटला नाही. मनात तीनदा आलं की फोनवर सांगावं. एकदा असंही आलं, की सांगूच नये, कोणाला कळणार आहे? हे मी लाज वाटते म्हणूनच सांगतोय.

नर्सबाई दुसऱ्या दिवसाच्या कामाचे कपडे इस्त्री करत होत्या. मी दारातच म्हणालो, "बाई, तराजू खोटा निघाला. मी तपासला नव्हता. चूक माझी आहे."

त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "बसा आधी." मी बसलो. सगळं सांगितलं, रजिस्टरमधल्या सहीसकट, रद्दीसकट. त्या रद्दीवर हसल्या. मग गंभीर झाल्या.

"म्हणजे जड कोण, ते माहीत नाही."

"नाही."

"बरं. आणि तुमचं मत काय?"

तीन वह्या भरल्या होत्या. इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येकाचा नट त्यात होता, नव्हता तो माझा. "मी... माझा नट टाकलाच नाही," मी म्हणालो.

"कमाल आहे! पाच आठवडे सगळ्यांचं तोललंत आणि स्वतःचं राहिलं?" त्या शर्टाची घडी घालू लागल्या. मग थांबल्या. "त्या साहेबांनी अदलाबदल केली म्हणता ना? मग आपणही करू. माझा मुलगा इथे घरी, तुमची मुलगी तिकडे सीमेवर. आता सांगा. चालू द्यायचं की थांबवायचं?"

माझी मुलगी दुसऱ्या शहरात एका बँकेत काम करते. रोज संध्याकाळी फोन करते आणि मी तिला पंख्याखाली बसू नकोस, सर्दी होईल, असं सांगतो. मी खुर्चीत बसून राहिलो. बाईंनी घाई केली नाही.

मग मी बोललो. काय बोललो ते इथे सांगणार नाही, मत गुप्त असतं. पण जे बोललो ते तीन वह्यांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्याला कोणता नट टाकायचा, ते मला आजही ठरवता येणार नाही.

"हं," बाई म्हणाल्या. "मलाही असंच काहीसं वाटतं. आपलं एकच आहे का, ते विचारू नका." डोळ्यांच्या कडा त्यांनी पदराने टिपल्या आणि पुन्हा इस्त्री उचलली. "काल त्याचा फोन आला होता. म्हणाला, आई, माझं मत मी पोस्टानं कधीच देऊन टाकलंय. तू माझ्यासाठी देऊ नकोस, तुझं दे. मी म्हटलं, अरे, खालचे साहेब तोलून देतात. तो एवढा हसला!"

"हसणारच."

"उद्या किती वाजता निघता? मी तुमचं ऐकून नाही जाणार. पण बरोबर येईन."

रविवारी सकाळी मी, ही आणि नर्सबाई मतदानाला गेलो. शाळेच्या कोपऱ्यावर शिंपीमामा आपल्या टेबलाशी बसले होते, विमावाले त्यांच्या. दोघांनी हात केला. मी मान हलवणार होतो, पण हिने कोपर मारलं, तशी ती सरळ ठेवली. आत गेलो. पडद्यामागे मी एकटा होतो. कोणाचा नट नाही, वही नाही, काटा नाही. मला वाटलं होतं खूप वेळ लागेल. लागला नाही.

बाहेर आल्यावर दोघांनी गाठलं. "शेवटी कोणतं पारडं, साहेब?"

"माझं," मी म्हणालो आणि चालू लागलो. दोघांनाही ते आपलंच वाटलं असावं, कारण दोघांनीही पाठीवर थाप मारली. याला इलाज नाही.

पुढच्या आठवड्यात रद्दीवाला आला. या वेळी मी मुद्दाम घरी थांबलो होतो. तीन वर्षांच्या पापाचं परिमार्जन करायचं होतं. मी तीन नोंदवह्या आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा पुढे केला आणि खाली मान घालून म्हणालो, "बाबा रे, एक सांगायचंय. आमचा हा तराजू जड दाखवतो."

"माहितीये की, साहेब," तो म्हणाला. "माझा हलका दाखवतो."

"काय?"

"बाईंनाही माहितीये. म्हणून आम्ही एकदा त्यांच्यावर तोलतो, एकदा माझ्यावर, आणि मधला आकडा धरतो. तीन वर्षांत कधी भांडण नाही झालं."

मी हिच्याकडे पाहिलं. ही छताकडे बघत होती. एकतीस वर्षं मी या शहराला खरं वजन द्यायला धडपडलो, आणि माझ्याच दारात दोन खोटे तराजू गुण्यागोविंदाने नांदत होते. खातं असतं तर दोन्ही जप्त केले असते. आता मी स्टूल ओढून खाली बसलो आणि हसत सुटलो.

तेवढ्यात वरून नर्सबाई उतरल्या. दोन्ही हातांत बांधलेले गठ्ठे, छातीपर्यंत. वर्तमानपत्रं. आठ महिन्यांची, तारीखवार. मुलगा सीमेवर गेला त्या दिवसापासून त्यांनी एकही कागद बाहेर जाऊ दिला नव्हता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"देऊन टाकते," त्या म्हणाल्या. "त्याला सुट्टी मिळालीये. शुक्रवारी येतोय. त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही हो, सगळी लढाईच भरून ठेवलीये." हसत होत्या, पण दोरी सोडायला हात तयार होत नव्हता. मग त्यांनी गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला. "साहेब, तुम्हीच तोला."

"मी? या तराजूवर?"

"तुम्हीच."

मी रद्दीवाल्याची वजनं घेतली. गठ्ठा दाराकडे ठेवला, वजनं खिडकीकडे, आकडा लिहिला. मग गठ्ठा उचलला, खिडकीकडे ठेवला, वजनं दाराकडे, आणि पुन्हा लिहिला. रद्दीवाला म्हणाला, "साहेब, एवढं कशाला? मधला धरू की." मी त्याला हाताने थांबवलं आणि काटा स्थिर होईपर्यंत वाट बघत बसलो.